गावठाणातलं घर घेण्याआधी: पुरंदर तालुक्यातल्या एका घराच्या मोजणीच्या आणि तपासणीच्या नोंदी

4 जानेवारी 2025

घर पाहिलं. सासवडपासून आत, कऱ्हा नदीच्या खोऱ्यात, भर गावठाणात. पाच खणी माळवद (तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर), पुढे ओसरी, आत माजघर, बाजूला देवघर आणि फडताळांची एक खोली. मागे परसात नंतर बांधलेली विटांची, स्लॅबची खोली. खांब सागवानी. आईला ओसरी बघता क्षणी आवडली. मलाही.

घरमालक तात्या. त्यांचे धाकटे भाऊ पुण्यात नोकरीला असतात. तात्या म्हणाले, "दीड गुंठा जागा आहे ताई, आमच्या आज्याच्या काळापासूनची. कुणाची कसली हरकत नाही." पाच टक्के इसार (आगाऊ रक्कम) देऊन घर धरून ठेवा, असं मध्यस्थाचं म्हणणं. आम्ही इसार दिला नाही. तात्यांना तिथेच सांगितलं की घराची तपासणी, जागेची मोजणी आणि कागद बघून झाल्याशिवाय आम्ही पैसे देणार नाही, आणि तपासणीचा खर्च आमचा. त्यांना थोडं नवल वाटलं, पण नाही म्हणाले नाहीत.

गावठाणातलंच घर का, तेही लिहून ठेवते. आमच्या घरात कुणाच्याच नावावर शेती नाही. कूळकायद्याच्या (1948) कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. रस्त्याकडेला 'फार्म हाऊस प्लॉट' म्हणून जे एक-दोन गुंठे दाखवतात, त्यातले पुष्कळसे शेतीच्या सातबाऱ्यावरचेच असतात. गावठाणातल्या राहत्या घराला ही अट नाही.

आणखी एक पाहिलं. पुरंदर विमानतळासाठीची गावं सात: पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. हे गाव त्यात नाही. या तालुक्यात घर घ्यायचं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

11 जानेवारी

तात्यांनी कागद दिले. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल (मीटर अजून आजोबांच्या नावावर) आणि मालमत्ता पत्रक, म्हणजे गावठाणातल्या जागेचा सरकारी मोजणीवरून केलेला कागद.

मालमत्ता पत्रक आहे हे बघून बरं वाटलं. ड्रोननं गावठाणं मोजून असं पत्रक देणारी केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली. त्याआधी ड्रोननं गावठाण मोजण्याचा राज्यातला पहिला प्रयोग याच तालुक्यात, सोनोरीत झाला होता. तेव्हा इथल्या लोकांना ड्रोन नवा नाही. उड्डाणाच्या आधी प्रत्येकानं आपापल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची, भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन वरून फोटो घेणार, मग भूमी अभिलेख विभागाची माणसं खाली येऊन चौकशी करणार, अशी पद्धत. चुना कुणी कुठे मारला हे अर्थातच महत्त्वाचं.

आता आकडे.

नमुना 8: 30 फूट × 54 फूट, म्हणजे 1620 चौरस फूट.
मालमत्ता पत्रक: 128.40 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 1382 चौरस फूट.

गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1089 चौरस फूट. दीड गुंठा 1633. तात्यांचं 'दीड गुंठा' नमुना 8 शी जवळपास जुळतं, मालमत्ता पत्रकाशी जुळत नाही. फरक 238 चौरस फुटांचा. एक चांगली ऐसपैस खोली होईल एवढा.

नमुना 8 हा करआकारणीचा कागद. ग्रामपंचायत उभ्या बांधकामावर घरपट्टी बसवते, ते बांधकाम कुणाच्या जागेत उभं आहे याची शहानिशा तिथे होत नाही. गावाकडे मात्र 'आमचा आठचा उतारा आहे' एवढ्यावर व्यवहार होतात, हे मी आमच्या नात्यातच पाहिलं आहे.

पत्रकावर धारक म्हणून एकट्या तात्यांचं नाव. घर आजोबांचं. मग धाकटे भाऊ? बहिणी? तात्या म्हणाले, "घरपट्टी माझ्या नावानं येते, म्हणून माझं नाव लागलं." खरं बोलले. पण याचा अर्थ मोजणीनं जागा कळेल, मालकी कळणार नाही. त्यासाठी वकिलांना 30 वर्षांचा शोध घ्यायला सांगितलं.

19 जानेवारी

आज घराची तपासणी. जुन्या वाड्यांची कामं केलेले इंजिनिअर पुण्याहून आले, बरोबर एक मदतनीस. सकाळी आले ते दिवेलागणीला गेले. मी वही घेऊन मागे मागे होते. सविस्तर लिहिते, कारण घर डोळ्यांनी बघणं आणि तपासणं यातला फरक मला आज कळला.

त्यांनी आधी घरात पाऊलच टाकलं नाही. बाहेरून फेरी मारली. पागोळ्या कुठे पडतात, जोत्यापासून ओल किती उंच चढली आहे, पन्हळ कुठे तुंबली आहे, शेजारच्या घराचं पाणी कुठल्या बाजूला येतं. ओलीची रेघ त्यांनी खडूनं भिंतीवर ओढली. पश्चिमेच्या भिंतीवर ती रेघ जोत्यापासून तीन फुटांवर गेली आणि कोपऱ्यात एकदम वर चढली. वर बघितलं तर नेमकी तिथेच मातीनं भरलेली पन्हळ.

त्या भिंतीला पोट आलं आहे. त्यांनी वरून ओळंबा सोडला आणि दर फुटावर भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. साडेचार फुटांवर भिंत अडीच इंच बाहेर. भिंत दोन फूट जाडीची, खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीचे भेंडे (कच्च्या विटांसारखे गोळे). म्हणाले, "ही एक भिंत दिसते, पण आत दोन पदर आहेत. बाहेरचा दगड वेगळा रचलेला, आतला वेगळा, मधे खडी-माती. पाणी मधल्या मातीत उतरलं की ती फुगते आणि बाहेरचा पदर सुटतो. दोन्ही पदरांना आरपार शिवणारे लांब दगड पाहिजेत, ते इथे फार थोडे घातलेत."

किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993) त्यांनीच काढला. तिथे माणसं मुख्यतः अशाच भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली गेली. त्यानंतरच्या दुरुस्तीत भिंतीला भोक पाडून आत काँक्रीटचा आरपार 'दगड' ओतायची पद्धत गावोगाव वापरली गेली. या भिंतीला तेच करावं लागेल, पोटाचा भाग उतरवून पुन्हा रचावा लागेल. भीतीदायक वाटलं, पण त्यांच्या बोलण्यात घाबरवणं नव्हतं. हे होण्यासारखं काम आहे, एवढंच.

मग माळवद. शिडीनं वर गेलो. एका कोपऱ्यात हातभर चौकोन उकरला. मातीचा थर 14 इंच! सरांनी फूटपट्टी उभी धरून फोटो काढला. थरांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. दर उन्हाळ्यात नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं वर्षानुवर्षं होत गेलं. एवढ्या मातीचं ओझं चौरस मीटरला अर्ध्या टनाहून जास्त होतं, आणि भिजली की आणखी. तुळया मूळच्या सात-आठ इंच मातीच्या हिशेबानं घातलेल्या. एक तुळई मधे वाकल्याचं खालून दोरी ताणल्यावर कळलं. किलचं (तुळयांवरच्या लाकडी चिरफळ्या) दोन ठिकाणी काळी पडली आहेत, तिथे सान्याच्या (छतातल्या झरोक्याच्या) कडेनं पाणी येतं.

खांब बारा. सरांचं हत्यार म्हणजे एक साधा जाड स्क्रू ड्रायव्हर आणि लाकडी हातोडी. प्रत्येक खांब तळाशी, मध्यावर, माथ्याशी ठोकायचा, आवाज ऐकायचा, मग टोक दाबून बघायचं. अकरा खांब खणखणीत. माजघराच्या मागच्या रांगेतला तिसरा तळाशी बद्द वाजला आणि स्क्रू ड्रायव्हर दीड इंच आत गेला, काहीही जोर न लावता. कारण शेजारीच दिसलं. बाकीचे खांब दगडी तळखड्यावर उघडे उभे आहेत. या एकाच खांबाच्या पायाशी कुणीतरी सिमेंटचा गिलावा करून गोल 'मजबूत' चौथरा केला आहे. ओल आत कोंडली, लाकूड कुजलं, वाळवीला वाट मिळाली. सागवान खराब नव्हतं, त्याला श्वास घेऊ दिला नाही. खांबाचा तळ कापून नवा तुकडा सांधायचा, तळखडा उघडा करायचा.

मागची स्लॅबची खोली तात्यांना घरातला सगळ्यात पक्का भाग वाटतो. तिथेच निकाल सगळ्यात वाईट. सरांनी छताचा एक पोपडा काढला, ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. चांगलं काँक्रीट त्यानं गुलाबी होतं. इथे गजापर्यंत कुठेच गुलाबी रंग आला नाही. म्हणजे गजाचं संरक्षण संपलेलं आणि गज गंजून फुगायला लागलेले. ही खोली पाडायची, असं ते म्हणाले. शंभर वर्षांचं लाकूड चाललं, तीस वर्षांचा स्लॅब गेला.

शेवटी ओसरी. उजव्या कोपऱ्यातली फरशी ठोकली तर पोकळ आवाज. तिथल्याच भिंतीत देवळीच्या वरून एक तिरका तडा गेला आहे, बोटाचं नख जाईल एवढा. तात्यांच्या मोठ्या चुलती शेजारी बसल्या होत्या, त्यांनी लगेच सांगितलं: "तिथं पेव होतं. बहात्तरच्या दुष्काळात मोकळं झालं, मग परत कुणी भरलं नाही. दगड-गोटे टाकून बुजवलं." धान्याचं पेव! सरांनी विचारलं, केवढं? त्यांनी हात वर करून दाखवलं, माणूस उभा राहील एवढं.

तड्यावर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरनं आडव्या चिकटवल्या, तारीख लिहिली. भिंत हलली तर काच फुटेल, नाही हलली तर तशीच राहील. पावसाळ्यानंतर बघायच्या.

26 जानेवारी

प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा. तात्यांना विचारून मीही मागे बसले. गावात कोण घर घेतंय हे लोकांनी बघावं आणि आम्हीही लोकांना बघावं, म्हणून. क्षेत्रातल्या फरकाचा विषय काढला नाही, मोजणी व्हायची आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं की आठच्या उताऱ्यावरची मापं कधी आणि कशी घेतली. करआकारणीच्या वेळी टेप लावून, बाहेरून बाहेर, ओटा धरून. सरळ उत्तर दिलं.

3 फेब्रुवारी

इंजिनिअरांचा अहवाल आला. फोटो, मापांचा नकाशा, दुरुस्तीचा अंदाज, कामांचा क्रम. तपासणीचा खर्च सांगितलेल्या किमतीच्या एक टक्क्याच्याही आत. अहवालाची प्रत तात्यांना दिली. घर आम्ही घेतलं नाही तरी पश्चिमेच्या भिंतीखाली पोरं खेळतात, त्यांना ते ठाऊक असलं पाहिजे.

हद्द कायम मोजणीचा (जागेची हद्द ठरवून दाखवणारी सरकारी मोजणी) अर्ज आज ऑनलाइन भरला. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: अर्ज धारकानंच करायचा असतो, घेणाऱ्याला करता येत नाही. म्हणून तात्यांचा अर्ज, फी आमची. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत. नियमित केला.

खासगी सर्व्हेअर आधीच टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून घराचा नकाशा काढून गेला आहे. तो आम्हाला घर समजायला उपयोगी. पण हद्दीचा प्रश्न निघाला तर समोर ठेवायला भूमी अभिलेखचाच नकाशा लागतो, आणि त्याचं मोल लगतच्या लोकांना नोटीस जाऊन त्यांच्यासमोर मोजणी होते यात आहे.

16 मार्च

मोजणीची तारीख लागायची आहे. मधल्या काळात वकिलांचं काम.

आजोबांच्या मागे तात्यांचे वडील, त्यांच्या मागे दोन भाऊ, दोन बहिणी. थोरली बारामतीला, धाकटी सुरतेला. वाटणीपत्र असं काही नाही. तात्यांचं म्हणणं, "बहिणी काही मागत नाहीत. त्यांचं लग्नात केलंय." वकिलांनी शांतपणे सांगितलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच, 2005 च्या दुरुस्तीनं, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानं असल्याचं सांगितलं आहे. त्यांच्या सह्यांशिवाय खरेदीखत अर्धवट.

हक्कसोडपत्र करून घेऊ, मग मी एकटा लिहून देतो, अशी तात्यांची तयारी होती. मी नको म्हटलं. चौघंही 'लिहून देणार' म्हणून खरेदीखतात यावेत आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम त्याच्या त्याच्या खात्यात जावी, ही आमची अट. कायद्याच्या दृष्टीनं हे पक्कं आहेच. पण ज्या घरात ह्या दोघी वाढल्या, त्या घरातून त्यांना कागदावर पुसून टाकून मला आत जायचं नाही. आईनंही हेच बोलून दाखवलं.

तात्या गप्प झाले. दोन दिवसांनी फोन आला: "थोरलीला बोललो. रडली. येते म्हणाली."

9 एप्रिल

मोजणी झाली.

नोटिसा सगळ्यांना पोचल्या होत्या. पूर्वेच्या घरातल्या आक्का, पश्चिमेच्या घरातला मुलगा, ग्रामपंचायतीकडून शिपाई. भूकरमापक साहेब सकाळी नऊलाच आले, बरोबर रोव्हर. काठीवर पांढरी टोपी बसवल्यासारखं यंत्र, खाली हातात टॅब. उपग्रहाच्या खुणा आणि कॉर्स केंद्रांकडून (जमिनीवरची कायमची संदर्भ केंद्रं) मिळणारी दुरुस्ती जुळवून ते बिंदू दाखवतं. मोकळ्या जागेत भराभर काम झालं. आळीत दोन्ही बाजूंनी माळवदं, आकाशाची चिंचोळी पट्टी, तिथे यंत्र स्थिर होईना. मग त्यांनी माहीत असलेल्या दोन कोपऱ्यांपासून टेप लावला. तात्यांना टेपवरच जास्त विश्वास वाटला. ते सांगत होते, त्यांच्या वडलांच्या वेळी शेताची मोजणी साखळीनं व्हायची, 33 फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे.

समोर पहिला बिंदू आला तो ओट्याच्या आत. साहेबांनी ओट्यावर लाल रंगाची फुली केली. फुलीच्या बाहेरचा ओटा, दोन्ही पायऱ्यांसकट, पावणेतीन फूट, रस्त्यात. आळीत सगळ्यांचेच ओटे असे आहेत, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

मागे मात्र शांतता पसरली. मागची हद्द परसाच्या भिंतीच्या अलीकडे, सुमारे साडेतीन फूट. म्हणजे संडास आणि पाण्याची टाकी ज्या पट्टीत आहेत ती पट्टी पत्रकात नाही. ती गावठाणातली मोकळी जागा. शिपायानं फोटो काढला. तात्या म्हणाले, "आम्ही लहानपणापासून हे असंच बघतोय." ते खरंच असणार. वहिवाट आणि अभिलेख या दोन वेगळ्या रेषा आहेत, आणि त्या इतकी वर्षं एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

पूर्वेला तिसरा प्रश्न. दोन घरांच्या मधली भिंत एकच, दोन फुटी. हद्द तिच्या मधोमध. आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "भिंत आमची हाय. माझ्या सासऱ्यानं बांधली. ह्यांच्या तुळया आमच्या भिंतीवर टेकल्यात." तात्यांनी आवाज चढवला. साहेबांनी दोघांना थांबवलं आणि पत्रकाचा नकाशा टॅबवर मोठा करून आक्कांना दाखवला. मग म्हणाले, "मी हद्द दाखवतो. भिंत कुणी बांधली ते माझ्याकडे लिहिलेलं नाही. तुमचं म्हणणं जबाबात लिहून घेतो." आक्कांनी जबाब दिला, सहीही केली.

मोजणी संपल्यावर आक्कांकडे चहाला गेले. माझ्याशी त्यांचं भांडण नव्हतंच. त्यांची तक्रार भिंतीची कमी आणि पाण्याची जास्त. तात्यांच्या माळवदाची एक पन्हळ त्यांच्या न्हाणीवर पडते, दर पावसाळ्यात त्यांची चूल ओली होते. "किती सालं सांगतेय, कोण ऐकतंय." ती पन्हळ मी जाऊन पाहिली. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

24 एप्रिल

मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळाली. 238 चौरस फुटांचा हिशेब लागला:

पुढचा ओटा, 30 फूट × पावणेतीन फूट, साधारण 82.
मागची पट्टी, 30 फूट × सुमारे 3.6 फूट, 108.
पूर्वेच्या भिंतीची अर्धी जाडी, एक फूट × पावणेअठ्ठेचाळीस फूट, 48 च्या आत.

बेरीज जुळते. इतकी नेमकी जुळली की मी दोनदा करून पाहिली.

मोजणी मान्य नसेल तर तात्यांना किंवा लगतच्यांना वर निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागता येते. सगळ्यांना विचारलं. आक्कांनी मागायची नाही असं सांगितलं, पन्हळीचं काम होणार असेल तर. तात्यांनी नकाशा बराच वेळ हातात धरला, मग घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं, माझ्या हयातीत झालं."

1 मे

पुन्हा ग्रामसभा. यावेळी मागच्या पट्टीचा विषय तात्यांनी स्वतः मांडला. पट्टी ग्रामपंचायत विकू शकत नाही, आम्हाला ती नकोही आहे. आमचं म्हणणं: घर आम्ही घेतलं तर संडास-टाकी हद्दीच्या आत घेऊ आणि पट्टी मोकळी करू. मागच्या दोन घरांना तिथून सायकल नेता येईल. सरपंचबाईंना हे आवडलं. ओट्याबद्दल कुणी बोललं नाही, पण वकिलांना सांगून ठेवलं की ओटा क्षेत्रात धरायचा नाही. उद्या रस्ता रुंद झाला तर तो जाणारच.

29 मे

माळवदावरची माती निम्मी उतरवायची आणि पन्हळी साफ करायच्या, हे मेअखेर तात्या करणार होते. पाऊस त्याआधीच आला. 26 मे ला मान्सून मुंबई-पुण्यात पोचला, त्याच्या आधी चार-पाच दिवस वळवानं धुतलं. अर्धी माती उतरली होती, अर्धी तशीच. उरलेल्यावर ताडपत्री.

आज जाऊन आले. पश्चिमेचं पोट तेवढंच आहे, ओळंब्याला फरक नाही. माती उतरवलेल्या बाजूची तुळई दोरीला किंचित सरळ झालेली दिसते. ओसरीतली मधली काचपट्टी फुटली आहे. बाकी दोन शाबूत. सरांना फोटो पाठवले.

12 जुलै

सर पुन्हा येऊन गेले. ओसरीची फरशी उचलून पेवाचं तोंड मोकळं केलं. दगड-गोट्यांच्या मधल्या पोकळीत पाणी उतरतं आणि भराव बसत जातो, म्हणून वरची भिंत त्या कोपऱ्यात खचते. पाणी ओट्याच्या सांध्यातून येतं. उपाय: भराव काढायचा, थराथरानं मुरूम धुमसून भरायचा, वर चुन्याचा कोबा, आणि ओट्याचा उतार बाहेर काढायचा. भिंतीच्या पायाला धोका नाही, तो पेवाच्या कडेपासून तीन फूट लांब आहे. हे ऐकून आई निवांत झाली. मला पेवाची आतली बाजू बघायला मिळाली: वरचा गळा अरुंद, आत पोट मोठं, शेणानं सारवल्याची खूण अजून.

3 ऑगस्ट

किंमत ठरली. सांगितलेल्या किमतीतून पश्चिमेची भिंत, एक खांब, माळवद, पेव आणि स्लॅब पाडण्याचा खर्च वजा केला. पैसे दीड गुंठ्याचे नाहीत, 128.40 चौरस मीटरचे. तात्यांचे धाकटे भाऊ पुण्याहून आले होते, त्यांनी अहवाल पानोपानी वाचला होता. घासाघीस अशी झालीच नाही. आकडे सगळ्यांसमोर होते.

सुरतेच्या बहिणीनं व्हिडिओवरून बोलताना ओसरीचा कोपरा दाखवायला सांगितला आणि विचारलं, पेव परत बुजवणार का? बुजवणार, म्हटलं. तिनं विचारलं, वरचं झाकण दगडी होतं, ते मिळालं का? मिळालं आहे, भिंतीला टेकवून ठेवलं आहे. ते तुमच्याकडेच असू द्या, म्हणाली.

17 ऑगस्ट

खरेदीखताचा मसुदा. वकिलांशी तीन मुद्द्यांवर बसलो.

मिळकतीच्या वर्णनात नमुना 8 ची मापं येणार नाहीत. मालमत्ता पत्रकाचं क्षेत्र, मोजणी नकाशाची तारीख आणि क्रमांक, नकाशा परिशिष्ट म्हणून जोडायचा. चतुःसीमेत पूर्वेला नुसतं 'आक्कांचं घर' न लिहिता 'सामाईक भिंतीचा मध्य'.

सह्या चौघांच्या. पत्रकावर आधी चौघांची वारस नोंद, मग दस्त. वारस नोंदीचा अर्ज गेला आहे.

इसाराची रक्कम वारस नोंद झाल्यावरच.

आणि आक्कांबरोबर वेगळा साधा करारनामा, नोटरीसमोर: सामाईक भिंतीवर दोन्हीकडच्या तुळया जशा आहेत तशा राहतील, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, भिंत पाडायची झाली तर दोघांची लेखी संमती. पन्हळीचं कलम आक्कांनी स्वतः सांगून लिहून घेतलं: माळवदाचं पाणी रस्त्याच्या बाजूला काढायचं, तेही ताबा घेतल्यानंतरच्या पहिल्या पावसाआधी. मिस्त्रीनं माप घेतलं. 47 फूट पत्र्याची पन्हळ, दर दहा फुटांना एक इंच उतार, रस्त्याच्या कोपऱ्यात खाली नळ. आक्का म्हणाल्या, नळाचं तोंड त्यांच्या पायरीकडे नको. मिस्त्रीनं ते पलीकडे वळवून नकाशावर खूण केली.